सहाशे चाळीस ग्रॅम

आमच्या घराण्यानं आजवर आकाशाच्या दिशेनं चढवलेली सर्वांत उंच वस्तू म्हणजे दूरदर्शनचा अँटेना. वीस फुटी लोखंडी पाइप, त्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या कांड्यांची शिडी आणि त्या शिडीवर कायमचा एक कावळा. 'चित्रहार' लागायच्या आधी मी कौलांवर, बाबा अंगणात आणि आई टीव्हीपुढं अशी आमची साखळी लागायची. मी पाइप फिरवायचो. बाबा विचारायचे, "आलं का?" आतून आई सांगायची, "मुंग्या आल्या!" अजून थोडा फिरवला की, "डोकं आलं, धड नाही आलं!" आणि मग, "आलं, आलं! आता हात नको काढू म्हणावं त्याला!" मी हात काढायचो नाही. त्या काळातली सगळी गाणी मी कौलांवर उभा राहून ऐकली. नाचलं कोण, ते मला आजतागायत माहीत नाही.

याच पुण्याईवर मी पुढं जैनथला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं. पाटी अजून तीच आहे. आत आता मोबाइलची कव्हरं आणि रिचार्ज. जैनथ म्हणजे आदिलाबादपासून २१ किलोमीटरवरचं गाव. घरात मराठी, कचेरीत तेलुगू, बाजारात हिंदी, भांडण तिन्हींत. लक्ष्मीनारायणाचं जुनं देऊळ आहे आणि त्याच्या जैन धाटणीवरून गावाला हे नाव पडलं, असं सांगतात. ठरावीक दिवसांत सकाळचं ऊन गाभाऱ्यात शिरून थेट देवाच्या पायांवर येतं. कौलांवर उभा राहून पाइप फिरवणारं कुणी नसताना हे जमवलं, त्या कारागिरांपुढं माझं दुकान काहीच नाही.

तर कार्तिकातल्या ब्रह्मोत्सवाच्या सुमारास अमेरिकेतून भाचा आला. त्यानं बॅग उघडली. बदाम निघाले, चॉकलेटं निघाली, बायकोसाठी वास येणारी मेणबत्ती निघाली आणि तळातून एक पांढरा, मनगटाएवढा जाड पाइप निघाला.

"बोअरचा आहे का?" बायकोनं विचारलं.

"नाही मामी. रॉकेट आहे."

"दिवाळी झाली रे बाबा," ती म्हणाली आणि मेणबत्ती हुंगत आत गेली.

मग त्यानं मला समजावलं. तिकडं लोक पोटासाठी कॉम्प्युटर बडवतात आणि हौसेसाठी शनिवार-रविवार रॉकेटं उडवतात. इंजिनांना ए, बी, सी अशी अक्षरं असतात. दर अक्षराला जोर दुप्पट. १६० न्यूटन-सेकंदांच्या पुढं गेलं की 'एच' लागतं. तिथून पुढं पोरखेळ संपतो, दांडगी रॉकेटं सुरू होतात आणि त्यासाठी परीक्षा द्यावी लागते. पहिल्या पायरीची परीक्षा 'एच' किंवा 'आय' इंजिनावर. रॉकेट आपण बांधायचं, उडवायचं आणि पॅराशूटवरून धडधाकट उतरलेलं ते परत आणून परीक्षकांच्या हातात द्यायचं.

"आणि सापडलं नाही तर?"

"तर नापास. कितीही उंच गेलं तरी नापास. रिकव्हरी झालीच पाहिजे."

हा शब्द मला चांगला माहीत होता. आमच्या गावात तो बँकेचे लोक वापरतात. त्यांचीही होत नाही.

म्हणून रॉकेटच्या पोटात एक रेडिओ बसवायचा होता. पडेल तिथून तो 'मी इथं आहे, मी इथं आहे' असं बोंबलत राहील. भाच्याला सोल्डरिंगचा हात नव्हता, मामाला होता; ही सोयरीक त्यानं तिकडूनच जुळवून आणली होती. मी आधी घाबरत घाबरत विचारलं, "इंजिन आणलंस?" ते विमानात कोण नेऊ देणार? शिवाय आपल्याकडं १८८४ चा स्फोटकांचा कायदा आहे आणि त्या खात्याचं देशाचं मुख्यालय कुठं, तर आमच्या शेजारी नागपूरला! उडवायचं ते तिकडं; इकडं फक्त पोट भरायचं, असं ठरलं. तरी आठ दिवस मी दुकानात 'रॉकेट' हा शब्द हळूच उच्चारत होतो.

पोट भरणं म्हणजे काय ते दुसऱ्या दिवशी कळलं. नळीची आतली रुंदी दोन इंच. तेवढ्यात जीपीएसची चकती, रेडिओची पट्टी, बॅटरी आणि उंची मोजणारं यंत्र. एसटीत खिडकीपाशी चौघं बसतात तसं वाटलं होतं. पण इथं प्रत्येकाचं सोवळं निराळं. जीपीएसला वरचं आकाश दिसलं पाहिजे, म्हणून तो नाकाच्या शेंड्यात. उंचीच्या यंत्राला बाहेरची हवा लागते, म्हणून त्याच्याजवळ नळीला भोकं. हवेचा दाब घटत घटत थांबला की रॉकेट माथ्यावर पोचलं, हे ओळखून ते पॅराशूट सोडणारी बत्ती पेटवतं. आणि रेडिओला त्याच्याजवळ बसवायचं नाही, कारण रेडिओचा जोर बत्तीच्या तारांत शिरला तर पॅराशूट भलत्याच वेळी सुटायचं. एका धुऱ्यावरचे दोन भाऊबंद ठेवावेत तसे दोघांना दोन टोकांना ठेवले.

मग अँटेना. तिकडं हौशी लोक रेडिओ ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालवतात. आपल्याकडं त्यातला बराच भाग मोबाइलवाल्यांचा. विनापरवाना मोकळीक आहे ती ८६५ ते ८६८ मध्ये. म्हणून इथल्या चाचणीपुरता रेडिओ ८६६ वर लावला. तीनशेला ८६६ नं भागलं की मीटरमध्ये लाट निघते, सुमारे साडेचौतीस सेंटिमीटर. तिचा चौथा हिस्सा तारेची लांबी, साडेआठहून जरा जास्त. तार सरळ उभी हवी, शेजारी बॅटरी नको, लोखंडी स्क्रू नको. नळीसुद्धा भाच्यानं काचतंतूची घेतली होती. काळ्या कार्बनची जास्त मजबूत, पण कार्बन विजेला वाट देतो आणि रेडिओला देत नाही. हे मात्र मला शिकवावं लागलं नाही. पत्र्याच्या खोलीत रेडिओ खरखरतो आणि ओसरीवर आणला की गातो, एवढ्या एका ज्ञानावर मी उमेदीच्या काळात निदान चाळीस गिऱ्हाइकांकडून दुरुस्तीचे पैसे घेतले आहेत.

सगळ्यांत मोठा जाच वजनाचा. भाच्यानं शेजारच्या सोनाराचा काटा मागून आणला आणि प्रत्येक वस्तू त्यावर चढवू लागला. लोखंडी स्क्रू काढून नायलॉनचे लावले. प्लायवूडच्या फळीला भोकं पाडून पाडून तिची झारी केली. मी अभिमानानं दिलेला एक टपोरा डाग बघून म्हणाला, "मामा, हा एकटा अर्धा ग्रॅम आहे."

"डाग पक्का नको?"

"पक्का हवा, लठ्ठ नको."

कारण रॉकेट सुटताना आतली प्रत्येक वस्तू वीस पट जड होऊ शकते. तीस ग्रॅमची बॅटरी त्या क्षणी सहाशे ग्रॅमची होते आणि खाली निसटू पाहते. मग तिला चिकटपट्टी, वर प्लॅस्टिकचे बंद, आणि परत त्या बंदांचं वजन. नाकासकट वरचं धड तयार झालं तेव्हा काटा ६५२ वर होता. भाचा उदास झाला. रात्री जागून त्यानं तारा आखूड केल्या, फळीला अजून भोकं पाडली आणि आकडा ६४० वर आणला. बारा ग्रॅमसाठी माणूस एवढा आनंदतो हे मी सोनाराकडंही पाहिलं नव्हतं.

मग नावपत्त्याचा प्रश्न आला. रॉकेट दुसऱ्याला सापडलं तर परत यावं म्हणून नळीवर नाव-नंबर लिहायचा असतो. मी म्हटलं, निदान चाचणीपुरतं मराठीत आणि तेलुगूत लिही, कारण आकाशातून पडलेल्या वस्तूंचा अनुभव आमच्या भागाला अमेरिकेपेक्षा जास्त आहे. हैदराबादहून टाटा मूलभूत संशोधन संस्था फार मोठे फुगे सोडते. त्यांची यंत्रं पॅराशूटवरून दूरदूरच्या जिल्ह्यांत उतरतात आणि 'सापडल्यास उघडू नका, पोलिसांना कळवा' अशा सूचना पेपरात येतात. ७ डिसेंबर २०२२ ला तर विकाराबाद जिल्ह्यात माणसं बसवण्याजोगी भलीमोठी कुपी शेतात उतरली. परग्रहावरचे पाहुणे आले म्हणून लोक जमले, तर निघाली एका स्पॅनिश कंपनीची चाचणी. आणि इकडं चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला, २ एप्रिल २०२२ च्या रात्री, गुढीपाडव्याच्या दिवशी, आभाळातून जळतं काहीतरी आलं. लोकांनी जाऊन पाहिलं तर दहा फुटी धातूचं कडं! चिनी रॉकेटचा तुकडा असावा, असं तज्ज्ञांनी सांगितलं. त्या कड्यावर ना नाव, ना नंबर. वर पाठवणारे देश मोठमोठे. खाली पडलेलं सापडवण्याचं काम मात्र आमच्याकडं.

"मग काय लिहू?" भाच्यानं विचारलं. "'हे रॉकेट आहे, घाबरू नका'?"

"नको," बायको आतून म्हणाली. "घाबरू नका म्हटलं की लोक घाबरतात. नुसतं 'परत द्या' लिही."

आता माझी चूक सांगतो. सगळं तयार झालं त्या रात्री मला ते पांढरंफटक नाक बघवेना. दुकानाच्या शटरचा चंदेरी रंग उरला होता. मी दोन हात मारले. असं झळकलं म्हणता! सकाळी भाच्यानं रॉकेट अंगणात ठेवलं, अर्धा तास वाट पाहिली, आणि जीपीएसला एकही उपग्रह दिसेना. त्यानं नाकाकडं पाहिलं, मग माझ्या बोटांकडं पाहिलं.

"मामा, या रंगात अ‍ॅल्युमिनियमची भुकटी असते."

म्हणजे पत्र्याच्या खोलीचं शास्त्र सांगणाऱ्या मीच जीपीएसला पत्र्याची टोपी घातली होती. सुदैवानं रेडिओची तार खालच्या पांढऱ्या नळीत होती; तिथवर माझी कला पोचली नव्हती. भाचा रागावला नाही. उलट म्हणाला, "छान झालं. उडताना जीपीएस खरंच मेला तर? नुसत्या आवाजावरून शोधता येतं का, बघू."

त्यासाठी हातात धरायचा अँटेना हवा. तो काय असतो हे त्यानं कागदावर काढून दाखवलं आणि मला हसू फुटलं. एक आडवी पट्टी, तिच्यावर ओळीनं कांड्या. अरे, हा तर आमचा कौलांवरचा! १९२६ साली जपानात उदा आणि यागी या दोघांनी ही शिडी शोधली. जगभरच्या गच्च्यांवर जाऊन बसली ती हीच. आमच्या रेडिओची लाट आखूड म्हणून या शिडीच्या कांड्या वीतभरसुद्धा नव्हत्या. लाकडी पट्टी आणि तांब्याची तार घेऊन मी तासाभरात दूरदर्शनच्या अँटेन्याचं पिल्लू तयार केलं. त्याचं तोंड रॉकेटकडं झालं की हातातलं यंत्र जोरात 'टीं टीं' करतं, वळवलं की बारीक होतं. आयुष्यभर मी हेच केलं होतं, फरक एवढाच की आता पुढचं मलाही दिसणार होतं.

चाचणीला चुलतभावाचं शेत निवडलं. कमरेच्या वर पऱ्हाटी, मधूनमधून डोक्याएवढी तूर. पलीकडच्या तासांत बाया कापूस वेचत होत्या. भाचा रॉकेट कुठंतरी ठेवून आला आणि धुऱ्यावर झाडाखाली बसला. मी पिल्लू उंच धरून निघालो. हिरव्या पाल्यात पाणी असतं, ते लाटा पिऊन टाकतं. म्हणून हात जितका वर तितकं बरं. टीं... टीं... डावीकडं बारीक, उजवीकडं मोठा. मी डोळे मिटून चालत होतो. चार पावलं, थांबायचं, सगळीकडं फिरून कानोसा घ्यायचा, परत चार पावलं.

हे दृश्य पलीकडच्या तासातून कसं दिसत असेल, याचा आम्ही विचारच केला नव्हता.

पैनगंगेच्या पलीकडं, यवतमाळ जिल्ह्यात, टिपेश्वरचं अभयारण्य आहे. तिथल्या वाघांना जिल्ह्याची आणि राज्याची हद्द कुणी समजावून सांगितलेली नाही. २०१९ मध्ये तिथल्या एका तरुण वाघाच्या गळ्यात रेडिओचा पट्टा बांधला, तर तो पठ्ठ्या घर सोडून निघाला. तेलंगण बघितलं, महाराष्ट्र बघितला, १३०० किलोमीटर तुडवत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात जाऊन बसला. पट्टा निघेपर्यंत त्याची एकूण चाल ३००० किलोमीटरांवर गेली होती. तेव्हापासून आमच्या भागात पोराटोरांनाही ठाऊक आहे की हातात कांड्यांची शिडी घेऊन, कानोसा घेत, दबकत चालणारा माणूस काय शोधत असतो.

"कावून जी," एक आवाज आला, "हाय का इथंच?"

"इथंच आहे," मी डोळे मिटूनच म्हणालो. "अगदी जवळ."

पुढचं सगळं एका श्वासात झालं. "बाप्पा!" अशी एक किंकाळी, मग बांगड्यांचा आवाज, मग पऱ्हाटी मोडल्याचा आवाज. डोळे उघडले तेव्हा बाया गाठोडी डोक्यावर घेऊन गावाच्या दिशेनं पळत होत्या. शेत रिकामं. मी ओरडलो, "अहो, वाघ नाही, रॉकेट आहे!" यानं त्या आणखी जोरात पळाल्या.

आणि तेवढ्यात माझ्या हातातला आवाज बारीक झाला. मी पिल्लू फिरवलं. आवाज आता गावाच्या बाजूनं येत होता. चार पावलं गेलो, तो अजून पुढं.

"भाचेबुवा," मी म्हटलं, "रॉकेट चालतंय."

"मामा, त्यात इंजिन नाही."

"मला सांगू नकोस. त्याला सांग."

आम्ही दोघं आवाजामागं धावलो. वेशीवर लोक जमलेच होते. "वाघ कुठाय?" मी उत्तर देण्याऐवजी दिशा बघण्यासाठी अँटेना फिरवला. ज्याच्याकडं तोंड झालं तो पळाला. मी डावीकडं वळवला, डावीकडचे पांगले. उजवीकडं वळवला, पानठेल्याचं फळकुट धाडकन खाली आलं. एक तेलुगू मास्तर शांतपणे "एमैंदी?" म्हणत पुढं आले, त्यांच्या दिशेनं जोरात 'टीं टीं' झालं आणि त्यांनी हातातली सायकल तिथंच सोडली. वाघ गावात शिरलाय, आणि तो नेमका कुठं आहे हे फक्त रेडिओवाल्याला ऐकू येतंय, अशी एकंदर समजूत झाली. पंचवीस वर्षं दुकान चालवलं, पण गावानं माझ्या यंत्रावर एवढा विश्वास कधी टाकला नव्हता.

आवाज चुलतभावाच्या वाड्याशी येऊन थांबला. ओसरीवर काटा टांगलेला. बायांची मोजणी चाललेली. वाघ आला म्हणून मजुरी सोडायची असते थोडीच! एक मावशी आपलं गाठोडं उतरवून बसली होती. मी पिल्लू तिच्याकडं धरलं. टीं टीं टीं टीं. ती एकटी पळाली नाही.

"काय हाय जी ते? कायले वरडते?"

"मावशी, तुमच्या गाठोड्यात रॉकेट आहे."

"मले काय मालूम, रॉकेट हाय का पायप हाय," ती म्हणाली. "तासात पांढरं पडून होतं, ओटीत घातलं. येचायलेच तं आलो होतो."

गाठोडं सोडलं. शुभ्र कापसात चंदेरी नाक असं शोभत होतं की मला माझ्या रंगाचा पुन्हा अभिमान वाटला. भाच्यानं घाईघाईनं सगळं तपासलं. तार शाबूत, डाग पक्के, बॅटरी जागेवर. एका भोकात सरकी अडकली होती, तेवढीच.

पण चुलतभाऊ कपाळाला हात लावून उभा होता. मावशीचं गाठोडं मघाशीच काट्यावर चढून वहीत मांडलं गेलं होतं. वेचणी किलोला दहा रुपये. भाच्यानं मनातल्या मनात हिशेब केला: रंग सोडून ६४० ग्रॅमचे सहा रुपये चाळीस पैसे. चुलतभाऊ ते वजा करायला निघाला, तशी मावशी उठली. "कावून? ओझं म्या वाहलं, का नाई? नळीवर काय लिवलं हाय, वाच तू."

त्यानं वाचलं. मोठ्या मराठी अक्षरांत 'परत द्या' लिहिलं होतं.

"देल्लं ना परत," ती म्हणाली. "मंग?"

यावर उत्तर नव्हतं. मी दहाची नोट काढली. तिनं तीन रुपये साठ पैशांची मोड नसल्याचं सांगितलं आणि नोट कमरेला खोचली.

भाचा परत गेला. जायच्या आधी एका संध्याकाळी त्यानं माझा चंदेरी रंग पातळ पत्तीनं खरवडून काढला. त्यामुळं नऊ ग्रॅम वाचले म्हणे. रेडिओ तिकडच्या पट्ट्यात लावला, तार थोडी आखूड केली. आणि उन्हाळ्यात एका पहाटे त्याचा फोन आला. रॉकेट किलोमीटरभर वर गेलं, माथ्यावर पॅराशूट उघडलं, वाऱ्यानं ते दीड किलोमीटर लांब, कापणी झालेल्या मोकळ्या रानात नेऊन टाकलं. जीपीएसनं जागा बरोबर सांगितली. यागी हातात होती, पण तिची गरजच पडली नाही. परीक्षकानं रॉकेट हातात घेऊन उलटंपालटं पाहिलं आणि सही केली. पास!

"चालत जाऊन आणलंस?" मी विचारलं.

"हो. कुणीच नव्हतं तिकडं. सरळ गेलो आणि उचललं."

मला ते जरा ओकंबोकं वाटलं.

पुढच्या कार्तिकात त्या मावशीला मी ही बातमी सांगितली. म्हटलं, तुम्ही वेचलेलं रॉकेट अमेरिकेत उडालं, सापडलं, पोराला सर्टिफिकेट मिळालं. तिनं हात न थांबवता ऐकून घेतलं. ओटीत दोन बोंडांचा कापूस पडला.

"वजन तेवढंच व्हतं का जी?"

"त्याहून कमी. नऊ ग्रॅम आणखी घटवलं त्यानं."

ती थांबली. एवढ्या शिकल्यासवरल्या पोराचं काहीतरी चुकतंय, अशा नजरेनं तिनं माझ्याकडं पाहिलं.

"पुढच्या खेपी," ती म्हणाली, "जरा जड करा म्हणा."